संमतीचे मोल

मनुष्यदेहावर प्रयोग केल्यावाचून वैद्यकशास्त्राची गती कुंठित होते. आणि प्रयोग करावेत, तर मनुष्यास केवळ साधन मानल्याचा दोष लागतो. या पेचातून सुटण्यासाठी शास्त्रज्ञ 'संमती'चा आश्रय घेतात. ती संमती खरी केव्हा मानावी, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेतला आहे.

१८९७ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता, राजी झालेल्या कैद्यांस ती टोचण्यात आली. उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली, व लशीचा गुण दिसून आला. हाफकिन यांच्या सचोटीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्यांस 'नको' म्हणण्याची मुभा होती. कैद्याचा होकार तुरुंगाच्या भिंतीआड उच्चारलेला होता. हे दोन होकार एकाच तोलाचे कसे मानावेत?

१९४७ साली न्यूरेंबर्गच्या निकालपत्राने स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरविली. तरीही २००९ साली खम्मम जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या अभ्यासात, कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. २०१० मध्ये तो अभ्यास थांबला, व २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

आता आपल्या सातपुड्यातील धडगावचा विचार करू. तेथील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तेथे संशोधनच नको म्हणणे म्हणजे त्यांचे दुखणे त्यांच्याच माथी टाकणे होय. संशोधन अवश्य व्हावे, व त्याचे फळ प्रथम त्यांच्याच पदरात पडावे. परंतु औषध देणारा आणि अभ्यासासाठी रक्त मागणारा वैद्य एकच असेल, व पावरी बोलणाऱ्यापुढे छापील मराठी कागद येईल, तर उपचार तुटण्याच्या भयाने तो निमूटपणे अंगठा उठवील. अशा अंगठ्यास संमती म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

होकाराचे मोल नकाराच्या शक्यतेवर अवलंबून असते. जो रोगी आज 'नाही' म्हणून डोंगर चढून गेला, त्यास उद्या त्याच दारी तेच औषध त्याच आदराने मिळते काय, हे आधी पाहावे. मिळत असेल, तरच शेजारच्या रोग्याचा होकार शास्त्राने निःशंक मनाने घ्यावा.