काळं म्हणजे जुळलं

दोन फोटो एकावर एक तंतोतंत बसवायचे असले की फोटोशॉपमध्ये वरचा लेयर ‘डिफरन्स’वर टाकतात आणि बाणाची कळ दाबत एकेक पिक्सेल सरकवत जातात. कडा चमकत असतात तोवर चुकतंय. सगळं काळं झालं की जुळलं. सारखेपणाला या गणितात उजेड नाही.

लेयर मिसळायची दुसरी रीत ‘मल्टिप्लाय’, म्हणजे गुणाकार. पांढरा एक, काळा शून्य. एकाने गुणून काही बदलत नाही, शून्याने गुणून काही उरत नाही. कागदावरची सही फोटोवर मल्टिप्लाय केली की कागद नाहीसा होतो, शाई राहते.

‘स्क्रीन’ हाच गुणाकार, पण दोन्ही चित्रं उलटी करून केलेला आणि उत्तर पुन्हा उलटवलेला. माथेरानच्या कड्यांवर धुकं तसंच चढतं. काळ्या दगडावर ते दिसतं, पांढऱ्या आभाळात हरवतं.

पण माझं मन अडकतं ते वजाबाकीत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसं सापडली नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. चौक गावाकडून वर जाणारी पायवाट, तिच्यावर पाऊस आणि चिखल, म्हणून यंत्रं खाली राहिली आणि माणसं कुदळ-फावडी घेऊन चढली.

अशा डोंगराची आधीची आणि नंतरची उपग्रह-चित्रं वजा केली की दरड कुठे गेली ते कळतं. वजाबाकी सोपी आहे, तिच्या आधीचं काम अवघड. जुलैत वर ढग असतात. मे आणि ऑक्टोबर शेजारी ठेवावेत तर अख्खा तालुकाच बदललेला दिसतो. शेजारच्या कर्जतच्या खाचरात मेमध्ये भाजलेल्या राबाचे काळे चौकोन असतात, जुलैत चिखलणी, ऑक्टोबरात पिवळं भात. यातलं काहीच दुखणं नाही, ते वर्ष आहे. म्हणून नोव्हेंबरमधून आदल्या वर्षीचा नोव्हेंबरच वजा करावा.

सह्याद्रीत आणखी एक अडचण, सावली. डोंगराची एक बाजू उन्हात, दुसरी अंधारात, झाडं तीच. पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन चॅनेलची वजाबाकी त्यांच्याच बेरजेने भागतात. उन्हात अवरक्त ५० आणि लाल १०: चाळीस भागिले साठ. सावलीत २५ आणि ५: वीस भागिले तीस. उत्तर एकच. भागाकाराने ऊन गळून पडलं, पान तेवढं राहिलं. या एवढ्याशा सूत्राइतकं न्यायी मला थोडंच काही माहीत आहे.

डिफरन्सही वजाबाकीच करतो, पण चिन्ह टाकून देतो. दहाचे चार झाले काय, चाराचे दहा झाले काय, त्याला दोन्ही सहाच. उजाड उतारावर रान उगवलं तरी चमकेल, रानाचा उतार वाहून गेला तरी तितकंच चमकेल. फरक कळतो, नुकसान कळत नाही.

‘सबट्रॅक्ट’मध्ये दिशा आहे, पण शून्याच्या खाली तो जात नाही. नंतरच्यातून आधीचं वजा केलं तर जे कमी झालं ते काळं पडतं, आणि जे बदललं नाही तेही काळंच. हरवलेलं आणि सुखरूप असलेलं एका रंगात.

त्यावर तोड फोटोशॉपच्याच ‘कॅल्क्युलेशन्स’च्या चौकटीत आहे. स्केल २, ऑफसेट १२८: फरक निम्मा करायचा, त्यात १२८ मिळवायचे. आता शून्य मधोमध आलं. बदललं नाही ते राखाडी, वाढलं ते उजळ, गेलं ते गडद. गेलेल्याला स्वतःची छटा मिळाली. ऑफसेटच्या या एका आकड्यासाठी मी ही चौकट पुन्हा पुन्हा उघडतो.

सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात लाल आणि अवरक्त चॅनेलचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. ठाकर आदिवासींचं एक घर, पुढचं अंगण, परसातली शेवग्याची सावली, सगळं एका ठिपक्यात मावतं. त्या सगळ्याचा मिळून प्रत्येक चॅनेलला एक आकडा. आधीचा एक, नंतरचा एक.