शपथ नको, विचारपूस हवी

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं की आपल्याकडे आधी त्याला शपथ घालतात. ‘लेकरांची शपथ घे, पुन्हा असं करणार नाहीस.’ ते मान हलवतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि विषय मिटतो. शेजारीपाजारी ‘पोटाचं दुखणं होतं’ एवढंच कळवलं जातं. याला अडाणीपणा म्हणून नाकं मुरडायचं कारण नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या काही मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णाकडून असंच वचन घेण्याची रीत मांडली आणि पुढे तिचे चक्क सहीचे करार झाले. अशा कराराने पुन्हा होणारे प्रयत्न कमी होतात, असा पक्का पुरावा काही मिळाला नाही. मला तर वाटतं, त्या सहीने खरा दिलासा मिळायचा तो डॉक्टरांनाच.

त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो हे मानसोपचारतज्ज्ञ नेमकं उलटं करत होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना मायदेशातल्या एका तरुणीची पत्रं येत. त्या पत्रांत कसलीही मागणी नसायची, आणि त्यांनीच आपल्याला तगवलं असं मोटोंना वाटे. १९६९पासून त्यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नाकारणारे ८४३ लोक निवडले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत २४ पत्रं गेली. पत्र दोन-तीन ओळींचं, त्यात ‘गोळ्या घेताय ना?’ हा प्रश्न मुद्दाम टाळलेला. तुम्ही इथून गेलात त्याला बरेच दिवस झाले, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, इतकंच. पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांना सगळीकडे सारखं यश आलं नाही, पण मोटोंची दिशा बरोबर होती.

तरीही बराच काळ उपचार म्हणजे मूळ आजारावरचे उपचार, असंच मानलं जाई. नैराश्य ओसरलं की मरणाचा विचारही ओसरेल, हा हिशेब. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी १९९१ साली आपल्या उपचारपद्धतीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांनी स्वतःला इजा करण्याच्या वर्तनालाच उपचारांत पहिलं स्थान दिलं. आपणही तरुणपणी त्याच आगीतून गेलो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते मात्र २०११ साली. २००५मध्ये अमेरिकेतल्याच एरन बेक आणि ग्रेगरी ब्राऊन यांच्या गटाने प्रयत्नातून वाचलेल्या १२० जणांवर अभ्यास केला. दहा बैठकांची बोधनात्मक उपचारपद्धती मिळालेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांनी दीड वर्षात पुन्हा प्रयत्न केला, तर इतरांत हे प्रमाण ४२ टक्के होतं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात कॉनराड मिशेल आणि आन्या गिझिन-मायार यांनी सगळं तीन बैठकांवर आणलं. पहिल्या बैठकीत रुग्णाने आपली हकिगत आपल्या शब्दांत सांगायची. डॉक्टर मध्ये तोंड घालत नाही, कारण या विषयातला जाणकार रुग्णच. कॅमेरा चालू असतो. दुसऱ्या बैठकीत दोघं शेजारी बसून ते चित्रण पाहतात, मध्येच थांबवतात. इथे नेमकं काय झालं? कुठून परत फिरता आलं असतं? तिसऱ्या बैठकीत धोक्याच्या खुणा आणि त्या दिसल्यावर काय करायचं, हे कागदावर उतरतं. मग दोन वर्षं पत्रं. म्हणजे मोटो पुन्हा आलेच! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन वर्षांत उपचार घेतलेल्या गटात पुन्हा झालेले प्रयत्न पाच, तुलनेच्या गटात ४१. फिनलंडमध्ये नंतर इतका फरक दिसला नाही, म्हणून याला रामबाण म्हणू नये. पण ज्या गोष्टीबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही असं ठरतं, तीच सविस्तर ऐकून घेतल्याने रुग्ण बिघडत नाही, हे तर दिसलं.

हे श्रीमंत देशांचे चोचले नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी १,८६७ जणांवर केलेल्या अभ्यासात तासाभराचं बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढाच उपाय होता. तो मिळालेल्यांत आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के, न मिळालेल्यांत २.२ टक्के.

आपल्याकडे अडचण कायद्याचीही होती. प्रयत्न हाच गुन्हा, मग पोलिसांच्या भीतीने खरं सांगणार कोण? १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम ११५ने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला लावलं आणि त्याच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलंच नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. तेव्हा निघतानाच पुढच्या भेटीची तारीख मागून घ्या, घरातल्या धोक्याच्या वस्तू हलवा आणि शपथ घालण्याऐवजी वाचलेल्या माणसाला बोलू द्या. बोलायला जवळ कुणीच नसेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.