कायमची शाळा कुणासाठी?

ज्यूंच्या एखाद्या हायस्कुलाला हक्काची जागा मिळते, कोनशिला बसते, देणगीदारांचे सत्कार होतात, तेव्हा त्या आनंदाला पहिली हरकत ज्यू धर्मग्रंथांतूनच घेता येते. रानावनातल्या प्रवासात या लोकांचा देव तंबूत राहिला. पुढे दावीद राजाने त्याच्यासाठी पक्कं घर बांधायचं मनात आणलं, तर नाथान संदेष्ट्याकरवी त्याला निरोप आला की घर मी मागितलंच कधी होतं? सुक्कोथच्या सणात आजही चांगलं घर सोडून पालापाचोळ्याच्या मांडवात जेवायचं असतं. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि ज्यू धर्म तगला तो याव्नेच्या अध्ययनपीठाच्या जोरावर, दगडमातीच्या नव्हे. मग स्थिर वास्तूचा हा सोहळा धर्माच्या प्रकृतीशी विसंगत नाही का? माझ्या मते नाही. पण ती शाळा कुणासाठी कायम राहणार आहे, याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

हरकत घेणाऱ्याला सर्वांत भक्कम पुरावा आपल्या कोकणातच मिळेल. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावला लागले. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी, धर्माच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल जुंपत नसत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये उभारलं, तोवर पिढ्यान्‌पिढ्या धर्म जगला तो बंद घाण्यात, सुंतेत, खाण्यापिण्याच्या निर्बंधांत आणि ‘शमा’ या एका प्रार्थनेत. शाळा नव्हती, तरी ओळख बुडाली नाही. हे खरं आहे आणि ते कुठल्याही संस्थाचालकाने विसरू नये. मात्र काय टिकलं आणि काय गेलं, हेही मांडायला हवं. आचार टिकला; त्याची भाषा आणि त्यामागचा इतिहास गेला. घर जे करतं तेच मुलाला देतं. आईबापांनाच ठाऊक नसलेली गोष्ट ते कुठून देणार?

शाळेचा उगम नेमका इथेच आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात यहोशुआ बेन गामला या महायाजकाचं स्मरण मोठ्या कृतज्ञतेने केलेलं आहे. आधी बाप मुलाला शिकवी, त्यामुळे ज्याला बाप नाही तो अडाणी राहायचा. यरुशलेमात शिक्षक नेमून पाहिले, तरी तिथेही बाप ज्याला नेऊन पोचवी तोच शिकला. अखेर बेन गामलाने गावोगाव शिक्षक बसवले आणि सहा-सात वर्षांची मुलं त्यांच्या हाती दिली. म्हणजे शाळा निघाली ती ज्याला घरातून काही मिळणार नाही अशा पोरक्या मुलासाठी. त्याच ग्रंथात पुढचा दंडकही आहे: मंदिर बांधायचं असलं तरी मुलांचा अभ्यास थांबवू नये. भक्तीला पक्की वास्तू लागतेच असं नाही; यात्रा मांडवातही भरते. तापी ओलांडून दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्या शिंदखेड्याच्या माणसाला ते सांगायला नको. घोडेबाजार उठला की राहुट्याही उठतात आणि भक्तीचं काही बिघडत नाही. पण पोरक्या मुलाला मास्तर उद्याही त्याच जागी भेटायला लागतो. मंदिराहून शाळेला स्थैर्याची गरज जास्त, ती यामुळे.

बेने इस्राएल मुंबईत आले, नोकऱ्यांत आणि पलटणीत शिरले, तेव्हा शनिवारचा बंद घाणा कामाला येईना. सुट्टी साहेबाच्या हातात गेली. हिब्रूची वाट त्यांना पुन्हा दाखवली ती मिशनऱ्यांनी. जॉन विल्सनने 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, अर्थात हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतलं आणि धर्म सोडला नाही, ही त्यातली गंमत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली ती या पार्श्वभूमीवर. विद्या हवी, पण तिच्यासाठी परक्याच्या दारात धर्म गहाण टाकावा लागू नये, एवढा साधा हिशेब होता. पुढे 1930च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचं नाव लागलं. माझगावची ही शाळा आजही चालू आहे.

खरा आक्षेप इथून पुढे येतो. 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला निघून गेले; भारतभर आज जेमतेम काही हजार ज्यू उरले. कदूरी शाळेच्या पटावरची बहुतेक मुलं ज्यू नाहीत. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत तर बहुतांश मुलं मुस्लिम आहेत. मग ती ज्यू शाळा कसली, केवळ पाटी उरली, असं कुणी म्हणेल. समाज टिकवण्याचं साधन म्हणून हिशेब मांडला तर हे म्हणणं बिनतोड आहे. शाळेने समाजाला अडवून धरलं नाही. शिकलेली माणसंच आधी बाहेर पडतात. परंतु शाळेचं देणं मुळात पोरक्या मुलाचं होतं, हे मान्य केलं की हिशेब बदलतो. बेन गामलाच्या डोळ्यांपुढे तोरा हा धर्मग्रंथ शिकणारी ज्यू मुलंच होती, हे मला ठाऊक आहे. नियम ताणला आहे तो मी. तरीही हा ताण अगदीच परका नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. वारकऱ्यांच्या मुक्कामासाठीची वास्तू शिक्षणसंस्थेच्या हाती गेली, म्हणून बाबांचा हेतू फसला असं कुणी म्हणत नाही.

उरतो शेवटचा मुद्दा: धर्मवार शाळांनी मुलं एकमेकांना पारखी होतात. कुंपण घातलं तर होतातच. संविधानाच्या 30व्या कलमाने अल्पसंख्याकांना संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, त्या हक्काचा उपयोग दार बंद ठेवायला करणारे विश्वस्त प्रत्येक धर्मात सापडतील. माझगाव-भायखळ्याच्या शाळांत मात्र वस्तीतली मुलं आली आणि ती घेतली गेली. सुरुवातीच्या इराद्याला बांधून न राहण्याची सवय आपल्या खानदेशातही दिसते. प्रताप शेटजींनी 1916 मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते वेदान्ताच्या अभ्यासासाठी. साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले आणि गावातल्या हायस्कुलात मास्तर झाले. नव्या आवाराची कोनशिला बसवणाऱ्या ज्यू विश्वस्तांना पन्नास वर्षांनी त्यांच्या बाकांवर कोण बसेल, हे आज सांगता येणार नाही. केहिमकरांनाही 1875 मध्ये सांगता आलं नसतं.