ख्यातीचं खातं

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला आकड्यांचं फार प्रेम असतं, असा एक लोकांचा समज आहे. हलवायाला पेढ्यांचं जेवढं प्रेम असतं तेवढंच आम्हाला आकड्यांचं. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे मोजून घरी गेलेला कारकून स्वतःचं पासबुक उघडायला धजत नाही. तरी आकड्याचा एक गुण मानलाच पाहिजे. त्याला भीडमुर्वत नसते. पुढाऱ्याच्या खात्यात शंभर रुपये असले तर मशीन शंभरच छापतं. मागे ‘माननीय’ लावलं म्हणून एक शून्य वाढत नाही.

कॉमर्सला असताना ‘गुडविल’ला आमच्या मराठी पुस्तकात ‘ख्याती’ असा शब्द होता. या ख्यातीचा नियम मोठा मजेशीर आहे. एखाद्या दुकानदाराने तीस वर्षं मापात पाप न करता जी ख्याती कमावली, ती त्याच्या वहीत लिहिता येत नाही. उद्या तेच दुकान दुसऱ्याने विकत घेतलं आणि मालाच्या किमतीवर दोन लाख जास्त मोजले, की त्या दुसऱ्याच्या वहीत ‘ख्याती : दोन लाख’ अशी रीतसर नोंद होते. म्हणजे कमवायची एकाने आणि लिहायची दुसऱ्याने! परीक्षेत हा नियम मी घोकून लिहिला. त्याचा अर्थ कळायला मात्र बँकेत वीस वर्षं काढावी लागली.

हे सगळं आठवायला कारण झाले आमचे चिरंजीव. त्यांना सध्या अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड लागलं आहे. आमच्या सिंदेवाहीत टोपलीला बूड नसलं तर ती बुरडाकडे परत जाते. तिकडे तिच्यातून चेंडू पडला की कोट्यवधी रुपये मिळतात. कुठल्याशा खेळाडूचे गुण, सरासरी, जगभरातले चाहते असे आकडे माझ्यासमोर टाकून चिरंजीव म्हणाले, “पप्पा, सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा वादच संपला. आकडे बघा ना!”

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न बँकेत काढला. आमच्या हेडकॅशियरसाहेबांनी नोटांवरची नजर न काढता निकाल दिला, “बरोबर आहे पोराचं. कॅश टॅली झाली की बाकी सगळं कीर्तन.”

पण कीर्तनातही कधी कधी मुद्द्याचं सापडतं. त्याच बास्केटबॉलमध्ये विल्ट चेंबरलेन नावाचे धिप्पाड गृहस्थ होऊन गेले. २ मार्च १९६२ रोजी त्यांनी एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्या मोसमात त्यांची सरासरी सामन्यामागे ५० च्या वर होती. आता वाद संपायला हवा. पण त्याच मोसमातला सर्वोत्तम खेळाडू कोण, यावर खुद्द खेळाडूंनी मतं दिली तेव्हा निवडून आले बिल रसेल. यांची कारकिर्दीतली सरासरी १५ च्या आसपास! मग या रसेलसाहेबांनी केलं काय? १३ मोसमांत त्यांच्या संघाने ११ अजिंक्यपदं मिळवली. चेंबरलेनच्या वाट्याला दोन आली. रसेलची कला म्हणजे समोरच्याचा टोपलीकडे जाणारा चेंडू हवेतच अडवायचा आणि तो बाहेर न भिरकावता आपल्या गड्याच्या हाती पडेल असा ठेवायचा. आणि गंमत अशी, की असे अडवलेले चेंडू त्या स्पर्धेत अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली १९७३-७४ च्या मोसमात. रसेल १९६९ सालीच निवृत्त झाले होते. ज्या कामात हा माणूस सर्वांत पुढे, त्या कामाचा वहीत रकानाच नव्हता!

आकडा खोटं बोलत नाही हे खरंच. पण विचारलं तेवढंच बोलतो. कोर्टातल्या साक्षीदारासारखा.

म्हणून आकड्याला निकालात काढा, असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर घ्या. डावखुरे फिरकी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. एवढं करून कसोटी सामने किती? शून्य. कारण त्याच काळात, त्याच हाताने, तेच काम करणारे बिशनसिंग बेदी संघात होते. आणि एका काउंटरवर दोन कॅशियर बसत नाहीत. २०१७ साली क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. मार्च २०२५ मध्ये ते गेले. ख्यातीने आयुष्यभर त्यांच्याकडे कानाडोळा केला, पण ५८९ हा आकडा जागचा हलला नाही. आमच्याकडे सोसायटीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कनवटीला लावणारे शेतकरी येतात. ज्याची ओळख नाही, वशिला नाही, त्याला कागदावरच्या आकड्याचाच आधार असतो. आकडा हा गरिबाचा साक्षीदार आहे. त्याला हसू नये.

पण या साक्षीदाराची साक्ष पुरी होऊ देणं दुसऱ्याच्या हाती असतं. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्या वेळचा जागतिक विक्रम ब्रॅडमनसाहेबांचा, ४५२. उरल्या जेमतेम नऊ-दहा धावा. पण काठियावाडच्या कप्तानांनी विश्रांतीच्या वेळी ठरवलं की आता पुरे, आणि पाहुणे सामना सोडून निघून गेले. बिचारे भाऊसाहेब पॅड बांधून तयार, आणि चेंडू टाकायला माणूसच नाही! त्यांनाही अधिकृत कसोटी कधी मिळाली नाही. तो आकडा नऊने कमी राहिला म्हणून भाऊसाहेबांची फलंदाजी नऊ धावांनी कमी झाली का? हेडकॅशियरसाहेब म्हणतील, झाली. व्हाउचर आलं नाही तर नोंद नाही.

पॅड बांधून बसण्यावरून अमोल मुझुमदार आठवतात. फेब्रुवारी १९८८ मध्ये शाळेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हे पॅड बांधून बसलेले. ती भागीदारी काही तुटली नाही. पुढे रणजी पदार्पणातच २६० धावा, एकंदर प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं. आणि भारताकडून एकही सामना नाही. एवढ्यावर एखाद्याने जगाशी अबोला धरला असता. हे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा संघ त्यांच्या हाताखाली तयार झालेला होता. त्या सामन्याचा धावफलक काढून बघा. मुझुमदारांच्या नावापुढे धावा नाहीत, बळी नाहीत, झेल नाही. मुळात नावच नाही. प्रशिक्षकाला रकाना नसतो.

मग माणसाची खरी किंमत मोजायची कशी? यावर आमच्या नोकरदार जगात एक जुना तोडगा आहे : माणूस रजेवर गेला की कळतं. ज्याच्यावाचून अडतं तो मोलाचा. ऐकायला हे छान वाटतं. पण मी एका शाखेत असे एक गृहस्थ पाहिले आहेत की ते रजेवर गेले की कामकाज ठप्प. ‘त्यांच्याशिवाय पान हलत नाही’ अशी त्यांची ख्याती होती. कारण एवढंच, की कपाटाची किल्ली ते खिशात घालून गावाला जात!

याच्या उलट एक दफ्तरी होते. त्यांचं मुख्य काम रजिस्टरं लावणं. पण बचत गटाच्या बायका अंगठा लावायला आल्या की हे त्यांना बाजूच्या बाकावर बसवून सही शिकवत. पद्धत त्यांची स्वतःची. “बाई, आधी भाकर काढ. आता तिच्या बाजूले खांब रोव. वरून छप्पर टाक. झाला ‘व’!” एकदा मी म्हणालो, “भाऊ, अंगठ्याने दोन मिनिटांत काम होते, काहून वेळ घालवता?” ते म्हणाले, “अंगठा कोणीबी धरून टेकवते जी. सही आपली आपल्यालेच करा लागते.” वार्षिक अहवालात यासाठी रकाना नव्हता. ‘किती अंगठे कमी केले?’ असं कुठलाही फॉर्म विचारत नाही. ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाखेत काहीही अडलं नाही. बायका आल्या, पेन मागितलं, सह्या केल्या आणि गेल्या. रजेच्या तोडग्याने बघितलं तर या माणसाची किंमत शून्य निघते!

तेव्हापासून मी तो तोडगा उलटा करून वापरतो. माणूस उठून गेल्यावर काय अडतं, हे न बघता काय चालू राहतं ते बघायचं.

या हिशेबात आमच्या भागातला सर्वांत मोठा खेळाडू कोण, हे मी चिरंजीवांना सांगून टाकलं आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. (नांदेड म्हटलं की तुम्ही मराठवाड्यात पोचलात ना? गावाच्या नावाची ख्यातीसुद्धा दुसरीकडेच जमा!) शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपण त्या कापणीत इतरांबरोबर कापून मोकळे झालो असतो. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या, आणि काही वर्षांनी बारीक दाण्याचा एक तांदूळ उभा केला. त्या काळात मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं हा प्रतिष्ठेचा कळस, म्हणून तांदळाचं नाव पडलं एचएमटी.

पुढे १९९४ साली आमच्या सिंदेवाहीच्याच धान संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणं नेलं, आणि १९९८ साली कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण बाहेर आला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही शुद्ध केला. दादाजींचं म्हणणं, मूळ माझं. तो वाद तज्ज्ञांचा. मला आपला कॉमर्सचा धडा आठवतो : ख्याती कमवायची एकाने आणि लिहायची दुसऱ्याने. नंतर सन्मान आले. २०१० साली ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांचं नाव ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. सरकारकडून मिळालेलं सुवर्णपदक अडचणीच्या दिवसांत सराफाकडे नेलं तेव्हा ते कसाला उतरलं नाही, अशीही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. (पदकाला निदान कसोटीचा दगड तरी असतो!) जून २०१८ मध्ये दादाजी आजारपणात गेले. पैशाची ओढ तेव्हाही होतीच.

हेडकॅशियरसाहेबांना मी विचारलं, “या माणसाचा स्कोर किती धरायचा?” पहिल्यांदाच त्यांनी नोटा मोजायचं थांबवलं. म्हणाले, “सस्पेन्स खात्यात टाका.” बँकेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : रक्कम जमा तर झाली आहे, पण कुणाच्या नावावर टाकायची ते ठरत नाही, तेव्हा ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. पैसे बुडत नाहीत. फक्त त्यांचा धनी सापडत नाही. मला वाटतं, जगातल्या बहुतेक चांगल्या कामाची शिल्लक याच खात्यात पडून असावी. दफ्तरीभाऊंच्या सह्याही तिथेच असतील. आणि नाव लागलं नाही म्हणून व्याज थांबत नाही, एवढं या एका खात्यापुरतं आपण धरून चालू.

परवा किराणा दुकानात गेलो होतो. पोत्यावर पुठ्ठ्याची पाटी : ‘एचएमटी’, आणि खाली किलोचा भाव. पिशवी धरून एक म्हातारी उभी होती. तिने दोन दाणे दाताखाली धरून बघितले, मान हलवली आणि पाच किलो मागितला. दादाजी कोण, विद्यापीठ कोणतं, फोर्ब्स म्हणजे काय, तिला काही घेणं नव्हतं. ज्या घड्याळावरून त्या तांदळाला नाव पडलं, ती घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ सालीच घेतला.

तांदूळ अजून वेळेवर येतो.