नाण्यानें ऋण फिटतें काय?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर वाहनें थबकलीं, कीं एखादी तृतीयपंथी व्यक्ति हात पुढें करते. आम्ही नाणें देतों, आशीर्वाद घेतों आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानतों. पण तीच व्यक्ति तापानें फणफणून दवाखान्यांत गेली, तर तिनें कोणत्या रांगेंत उभें राहावें, स्त्रियांच्या कीं पुरुषांच्या? कित्येकदां रोगापेक्षां लोकांच्या नजरांचेंच भय मोठें ठरतें, आणि पावलें दारांतून परत फिरतात. हें ओळखूनच मुंबईंत १९९४ सालीं निघालेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनीं त्या समाजांतीलच माणसें आरोग्यसेवेस जोडलीं.

१५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीय लिंगास मान्यता दिली, व रुग्णालयांत त्यांच्या योग्य उपचारांची सोय करण्यास सरकारांस फर्माविलें. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीं त्या दाव्यांत आपली व्यथा मांडली होती. न्यायालयानें हक्क दिला. रांगेंतला शेजार मात्र आम्हींच द्यावयाचा आहे. दान देणाऱ्याचा हात नेहमीं वर राहतो. रांगेंत दोघेही बरोबरीचे होतात. आम्हांस दान सोपें वाटतें, तें याचमुळें तर नव्हे ना?