पहिल्या प्रेमाचीं पत्रें



एखादा मनुष्य मंडळी सोडून गेला म्हणजे आपण लागलेंच म्हणतों कीं, त्याचा विश्वास मुळांतच खोटा होता. पोटासाठीं आला व पोटासाठीं गेला. ह्या बोलण्याविरुद्ध साक्ष देणारें एक जुनें पत्र आहे. तें आपल्या मंडळींतलें नव्हे, तर अमेरिकेंतील मॉर्मन पंथांत शिरलेल्या एका मनुष्याचें आहे. त्या पंथाची शिकवण आम्हांस मान्य नाहीं, हें सांगणें नकोच. परंतु मनुष्याचें अंतःकरण सर्वत्र एकच.

विल्यम मॅक्लेलिन हा शाळामास्तर. १८३१ सालीं इलिनॉय प्रांतांत त्यानें मॉर्मन उपदेशकांचें भाषण ऐकलें, आणि तो शाळा सोडून त्यांच्या मागोमाग मिसूरी प्रांतांतील इंडिपेंडन्स गांवीं गेला. तेथें पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ ह्यांचे बंधु हायरम ह्यांस रानांत एकीकडे नेऊन त्यानें सुमारें चार तास विचारपूस केली, व दुसऱ्या दिवशीं, २० ऑगस्टला, बाप्तिस्मा घेतला. बिरुया येथील लोकांसारखाच शोध करणारा! पुढल्या वर्षीं त्याच गांवाहून त्यानें टेनेसींतील नातलगांस लांब पत्र लिहून आपल्या नव्या विश्वासाची हकीकत कळविली. घरच्यांस असें पत्र लिहितांना हात कसा थरथरतो, हें आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे.

१८३५ सालीं तो त्यांच्या बारा प्रेषितांपैकीं एक झाला. १८३८ सालीं बाहेर पडला. पुढाऱ्यांवरचा त्याचा भरंवसा उडाला होता. तर मग तें पहिलें पत्र ढोंग होतें काय? १८४८ सालीं त्यानें स्वतःच छापून प्रसिद्ध केलें कीं, १८३१ सालीं आपण गुप्तपणें देवापुढें ठेवलेल्या पांच प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें स्मिथ ह्यांच्या तोंडून आपणांस मिळालीं होतीं. ज्यास सोडून आला, त्याच्याच बाजूची ही साक्ष! म्हातारपणींही मॉर्मनाचें पुस्तक तो खरें मानीत असे. आम्ही तें मानीत नाहीं. पण ह्या मनुष्यास लबाड म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.

योहानाच्या सहाव्या अध्यायांत पुष्कळ शिष्य मागें फिरले, तेव्हां प्रभूनें त्यांच्या पाठीवर शब्द फेकले नाहींत. जे बारा राहिले त्यांच्याकडे वळून त्यांनाच प्रश्न केला. उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवांतून जो गेला त्याचा भरंवसा कोणाच्या वागणुकीनें उडाला, हें पंचांच्या बैठकींत आपण कधीं विचारलें आहे काय? त्याचें एखादें जुनें पत्र पेटींत असेल तर फाडूं नका. पुढल्या खेपेस त्याच्या घरीं जातांना तें बरोबर न्या.

मॅक्लेलिन १८८३ सालीं मरण पावला, त्याच इंडिपेंडन्स गांवीं.