गाडी खंय?

विजयदुर्गचा किल्ला बघायला आलेला शहरी पाहुणा सायकलवरून कामाला निघालेला स्थानिक माणूस दिसला, की एक वाक्य हमखास ऐकवतो: तुम्ही नशीबवान, रोज असा निसर्ग बघत कामावर जाता. ऐकणारा हसून मान डोलावतो आणि पुढचे दोन चढ त्या वाक्याशी भांडत चढतो.

सायकलने तब्येत सुधारते, पेट्रोल वाचते, हवा बिघडत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे आणि ते खरेही आहे. ते बाजूला ठेवू. प्रश्न त्या ‘निसर्ग बघत’ या दोन शब्दांचा आहे. पडेल कँटीनकडून गिर्ये, रामेश्वर करत विजयदुर्गला येणारा रस्ता बराचसा सड्यावरून जातो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि गडग्यांच्या आत कलमांच्या बागा. समुद्र हाकेवर असतो, पण दिसत नाही. तो आहे हे कळते ते दुपारच्या वाऱ्यावरून, कारण घरी परतणाऱ्याच्या अंगावर वारा कुठल्या बाजूने येणार, हे तोच ठरवतो. चढाला लागल्यावर सायकलवाल्याचे डोळे पुढच्या चाकापाशी खिळतात. हातभर डांबर, एखादी भेग, कडेची तांबडी माती, एवढेच त्याच्या वाट्याला येते. उतारावर तर आणखी कमी, कारण तिथे वळणावर सांडलेली खडी शोधायची असते.

थोडे गणितही करू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि चढाची उंची ८० मीटर धरली, तर साधारण ६७ हजार ज्यूल एवढे काम नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागते. खेळाडू नसलेला माणूस धाप न लागता १०० वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. म्हणजे अकरा मिनिटे झाली, आणि वारा व चाकांचे घर्षण यांचा हिशेब अजून बाकीच आहे. ही अकरा मिनिटे कोणी निसर्ग बघत नाही.

मग हा माणूस अनुभवतो काय? वाहतूक. तीही डोळ्यांपेक्षा कानांनी. पाठीमागून एसटी येते आहे, की चिरे भरलेला ट्रक, की पर्यटकाची नवी कोरी गाडी, हे त्याला मान न वळवता कळते. विजयदुर्गला एसटीचे आगार आहे. आगाराच्या चालकाला रस्ता माहीत असतो, त्यामुळे त्याच्या हॉर्नला घाई नसते. पाहुण्याच्या गाडीचा आवाज कमी आणि वेग जास्त. साइडपट्टी नेमकी कुठे खचली आहे हे ठाऊक नसल्याने ती गाडी रस्त्याच्या मधूनच येते. चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या लादलेले पिकअप धावतात, आणि त्यांना वाशीच्या बाजाराची वेळ गाठायची असते. एक जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, की मासळीचे टेम्पो नाहीसे होतात आणि रस्ता पावसाच्या ताब्यात जातो. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्या येतात. टपावर बांधलेल्या सामानावरूनच त्या ओळखू येतात. सायकलवाल्याला ऋतू कळतात ते असे, कोण मागून येते आहे यावरून. झाडांचा मोहर त्याला फार तर वासाने कळतो.

बघण्यासाठी मुळात थांबावे लागते, बूड टेकायला जागा लागते, याचा पुरावा विजयदुर्गातच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून जात होता. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, त्यांवरूनच इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरने ग्रहण पाहून हेलियम शोधला, असे सांगतात. दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रमही होतो. इतिहास जरा आडमार्गाने जातो. त्या दिवशी ग्रहण बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सन गुंटूरला होता, जॉन हर्शेल जमखंडीला ढगांशी झुंजत होता, आणि लॉकयरने सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला तो ऑक्टोबरमध्ये, लंडनमध्ये, ग्रहणाशिवायच. तेव्हा हेलियमच्या शोधाचे श्रेय या ओट्यांना देणे कठीण आहे. पण काही मिनिटांचे दृश्य बघायचे तर आधी ओटा बांधावा लागतो, एवढे तरी त्या दगडांकडून शिकता येते. सायकलला ओटा नसतो.

असो. मुद्दा असा, की या रस्त्यावर दोन प्रकारची माणसे असतात. एकांचे काम वाटेवर असते, दुसऱ्यांचे वाटेच्या टोकाला. पाववाला पहिल्या प्रकारचा. त्याचा भोंगा प्रत्येक वाडीत ऐकू गेला पाहिजे, कोणी ‘थांब रे’ म्हटले की त्याला थांबता आले पाहिजे. त्याला वेग परवडत नाही. पोस्टमन पहिल्या प्रकारचा. सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता बंद करा म्हटले होते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यापुरता तो राखला आणि महिन्याला ९० रुपयांचा १८० रुपये केला. दिवसाला सहा रुपये. वाटेवर काम असलेल्या माणसाची सरकारी किंमत एवढी धरली, तरी ती मान्य झाली हे कमी नाही. शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून, बंदरावरच्या कार्यालयातला शिपाई हे दुसऱ्या प्रकारचे. त्यांचे काम टोकाला असते. मधला रस्ता त्यांच्या दृष्टीने संपवायचा असतो, आणि तो जितक्या लवकर संपेल तितके बरे. पाहुणा दोन्हींत बसत नाही. त्याचे वाटेवरही काम नाही आणि टोकालाही नाही, म्हणून निसर्ग त्यालाच दिसतो.

हा फरक मोजायला गेले की इव्हान इलिच आडवा येतो. व्हिएन्नात जन्मलेला आणि मेक्सिकोत कुएर्नाव्हाकाला ठाण मांडून बसलेला हा माजी पाद्री सायकलचा सर्वांत बुद्धिमान कैवारी. १९७४ च्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तिकेत त्याने अमेरिकन माणसाचा हिशेब मांडला: गाडी चालवणे, ती उभी करणे आणि तिच्यासाठी पैसे कमावणे यात वर्षाला १६०० तास जातात, आणि त्यात ७५०० मैल कापले जातात. म्हणजे ताशी पाच मैलांहून कमी, साडेसात किलोमीटरच्या आसपास. चालणारा माणूस याच्या फारसा मागे नाही.

हा हिशेब विजयदुर्गच्या रस्त्यावर आणू. समजा, रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६००० किलोमीटर. नव्वद हजारांची साधी मोटरसायकल दहा वर्षे वापरली तर वर्षाला नऊ हजार. लिटरला पन्नास किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरला तर पेट्रोलचे साडेबारा हजारांवर. विमा आणि दुरुस्ती चार हजार. साडेपंचवीस हजारांच्या वर खर्च. आठ तासांची मजुरी ६०० रुपये असेल तर हे कमवायला ३४० तास. ताशी ३५ च्या वेगाने गाडी चालवण्यात १७१ तास. इलिचच्या रीतीने तिचा खरा वेग ताशी ११.७ किलोमीटर. सायकलचा खर्च वर्षाला अडीच हजार धरला, की कमाईचे तास ३३. चढउतारांत सरासरी ताशी १३ चा वेग धरला, की चालवण्याचे ४६२. खरा वेग ताशी १२.१. बरोबरीच म्हणायची. आता मजुरी दुप्पट करा, की मोटरसायकल साडेसतरावर जाते आणि सायकल मागे पडते. म्हणजे इलिचचे गणित अमेरिकेत कितीही धारदार असले, तरी इथे ते फक्त एवढेच सांगते, की कमी मजुरीच्या माणसाला दोन्हींत सारखेच झिजावे लागते आणि बऱ्या पगाराच्या माणसाने गाडी घ्यावी. त्यासाठी मेक्सिकोला जायची गरज नव्हती.

पण खरे भांडण बेरजेशी नाही, रकान्याशी आहे. वाटेवरचा प्रत्येक तास इलिच खर्चात मांडतो. माणसांनी एकमेकांच्या सोबतीने जगावे असे आयुष्यभर लिहिणारा हा माणूस रस्त्याकडे मात्र टोकाला काम असलेल्याच्याच नजरेने बघतो. शत्रूच्या हत्याराने शत्रूला मारायचे, हा त्याचा डाव होता हे उघड आहे, आणि त्याला ते करण्याचा हक्कही आहे. तरी पाववाल्याचा भोंगा वाजवण्यात गेलेला वेळ खर्च की मिळकत, हे त्याच्या गणितात बसत नाही.

आता सायकलवरून कामाला जाणाऱ्या त्या कारकुनाकडे बघू. त्याची अडचण अशी, की त्याचे काम टोकाला आहे आणि वेग मात्र वाटेवर काम असलेल्यांचा. त्यामुळे पडवीत बसलेला माणूस त्याला पाववाल्यासारखाच हाक मारतो: “गाडी खंय?” पुढचे प्रश्न ओघाने येतात. बिघडली काय, विकली काय, की डॉक्टरांनी सांगितले? आई कशी आहे, मुंबईचा भाऊ चतुर्थीला येणार की नाही? चढावर धापा टाकत असलेल्या माणसाला या प्रश्नांपासून पळता येत नाही. मोटरसायकलवाल्याला येते. तो हात उचलतो आणि वळणाआड जातो. हात उचलणे हे उत्तरही असते आणि उत्तर टाळणेही.

इथे त्या पाहुण्याचे वाक्य पार उलटते. रोज बघितला जातो तो निसर्ग नव्हे, सायकलवाला. आज तो दहा मिनिटे उशिरा गेला, काल पिशवी भरलेली होती, परवा सोबत कोणी होते, हे सगळे वाडीला ठाऊक असते.

आणि म्हणूनच, कोकणातला तरुण सायकल सोडतो तो आळसाने, चढाला घाबरून किंवा दिखाव्यासाठी, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभे राहणे आता जड जाते. चढ हे खरे कारण आहे, पण एकमेव नाही. मुलींच्या बाबतीत तर नाहीच. १८९६ मध्ये अमेरिकन स्त्री-हक्क कार्यकर्त्या सूझन अँथनी यांनी सायकलने बायकांना मोकळे केले असे म्हटले, ते अमेरिकेतल्या स्त्रियांविषयी, आणि पुण्यातल्या सपाट, अनोळखी चेहऱ्यांच्या रस्त्यांवरही ते पुढे खरे ठरले. जिथे प्रत्येक पडवी ओळखीची, तिथे तेच काम स्कूटी करते. सकाळी देवगडकडे, तीसेक किलोमीटरवर, शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलीला ‘खंय चल्लंस?’ हा प्रश्न मागे टाकता येतो, आणि त्यासाठी मोजलेले पेट्रोलचे पैसे हा वाटेचा खर्च नसून एकांताची किंमत असते. इलिचच्या पुस्तिकेत हा रकानाही नाही. त्याने वेगात विषमता पाहिली, ती आहेच. पण वेगात पडदाही असतो, आणि ज्याच्यावर सगळ्यांचे डोळे असतात त्यालाच त्याची किंमत कळते.

याचा अर्थ पडवीतला माणूस चूक, असाही नाही. आजारी माणसाच्या घरी औषध पोचते, चुकलेले जनावर सापडते, एकटी म्हातारी दोन दिवस दिसली नाही हे लक्षात येते, ते याच चौकशांमुळे. सायकलवाल्याचा जाच आणि वाडीची काळजी एकाच प्रश्नातून येतात, त्यामुळे एक ठेवून दुसरे काढता येत नाही. ज्याला हवे त्याने सायकल घ्यावी, ज्याला पडदा हवा त्याने गाडी घ्यावी. पण सायकलवाल्याला निसर्गप्रेमी आणि गाडीवाल्याला ऐतखाऊ ठरवणे थांबावे.

रस्त्याचे काय होईल, हा प्रश्न उरतोच. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. एके काळी मुंबईची बोट या बंदराला लागायची आणि माणसे पडावातून उतरायची; त्याच वर्षी मुंबई-विजयदुर्ग रो-रो बोटीची घोषणा झाली, माणसांबरोबर गाड्याही आणणारी. अशा बोटी आल्या की पन्नासेक गाड्या एकदमच या रस्त्याला लागतील, आणि मग रुंदीकरणाची मागणी होईल. रुंदीकरणात गडगे मागे सरकतात, पडवी रस्त्यापासून लांब जाते, आणि हाक पोचत नाही. साइडपट्टी नीट बांधली तर सायकलवाल्याचा जीव वाचेल आणि त्याच पट्टीमुळे त्याला कोणी हटकणारही नाही. जीव आधी, हे खरे. पट्टी मागावीच लागेल.

रो-रोच्या तेव्हा जाहीर झालेल्या दरपत्रकात मोटारीला सहा हजार, दुचाकीला एक हजार आणि सायकलला सहाशे रुपये होते. सहाशे रुपये भरून मुंबईहून सायकल आणणाऱ्याला गिर्याच्या चढावर कोणी ‘गाडी खंय?’ विचारणार नाही. त्याची गाडी नसली तरी चालते, हे सगळ्यांना ठाऊक असते.